शापकथेचे वाचक : खांडेकरांची ‘ययाति’ आणि कृष्णाकाठ

वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मराठीत पहिल्यांदा आला तोही याच कादंबरीमुळे. खांडेकर जन्माने सांगलीचे. ११ जानेवारी १८९८ रोजी ते सांगलीत जन्मले आणि २ सप्टेंबर १९७६ रोजी शेजारच्या मिरजेत त्यांनी देह ठेवला. मधले आयुष्य शिरोड्याच्या शाळेत आणि कोल्हापुरात गेले. ‘ययाति’त अद्भुताचे सगळे सामान आहे : पिढ्यांना पुरणारा शाप आहे, मेलेल्याला उठवणारी विद्या आहे, एका देहातून दुसऱ्या देहात जाणारे तारुण्य आहे. तरीही पुस्तक मिटणारा वाचक अद्भुताने दिपलेला नसतो. तो अस्वस्थ झालेला असतो. या अस्वस्थतेतून कादंबरीबद्दल टोकाची मते निर्माण झाली आणि ती साठ वर्षांहून अधिक काळ टिकली. ती नीट पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. वाचकांनी शापावर किंवा संजीवनीवर हरकत घेतलेली नाही. त्यांचा वाद आहे तो कथेतल्या कोणाचे दुःख ऐकले गेले आणि कोणाचे राहून गेले, याबद्दल.

मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातली आणि ती एका कथेवर संपत नाही. तिची तीन प्रकरणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिल्यात देवांकडून आलेला कच शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या शिकायला राहतो. दैत्य त्याला तीनदा मारतात. तिसऱ्या वेळी जाळून त्याची राख मद्यात कालवतात आणि खुद्द गुरूलाच पाजतात. शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला विद्या शिकवतात, कच गुरूचे पोट फाडून बाहेर येतो आणि त्याच विद्येने गुरूला उठवतो. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी त्याच्याकडे लग्नाची मागणी करते. तो नकार देतो आणि दोघे एकमेकांना शाप देतात. दुसऱ्या प्रकरणात जलक्रीडेच्या वेळी वाऱ्याने वस्त्रांची सरमिसळ होते, शर्मिष्ठा आणि देवयानी यांचे भांडण विकोपाला जाते, शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते आणि त्यातून राजकन्या शर्मिष्ठेच्या वाट्याला गुरुकन्येचे दास्य येते. तिसऱ्यात देवयानीचा पती ययाति शर्मिष्ठेला जवळ करतो. शर्मिष्ठेची मुले खेळता खेळता त्याच्याकडे बोट दाखवून हा आमचा बाप असे सांगतात आणि सारे उघडे पडते. शुक्राचार्य ययातीला अकाली वार्धक्याचा शाप देतात, पुरू आपले तारुण्य बापाला देतो आणि हजार वर्षे भोग घेऊनही तृप्ती येत नाही हे ययातीला शेवटी उमगते.

या मालिकेची एकेक कडी मराठी लेखकांनी वेगवेगळ्या काळी उचलली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हेही सांगलीचेच. त्यांचा जन्म १८७२ चा. त्यांचे ‘विद्याहरण’ १९१३ साली रंगभूमीवर आले आणि त्यात पहिली कडी आहे. शुक्राचार्यांचे मद्यपान हा त्या नाटकाचा गाभा. वि. वा. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ चे. खांडेकरांनी दुसरी आणि तिसरी कडी विस्ताराने घेतली आणि पहिल्या कडीतल्या कचाला अखेरपर्यंत कथेत ठेवले. त्यामुळे ‘ययाति’ हाती घेणारा मराठी वाचक कोऱ्या मनाने वाचत नव्हता. देवयानी त्याला आधीच्या भागातून ठाऊक होती, आणि आपल्या ओळखीच्या देवयानीशी तो नव्या देवयानीला ताडून पाहत होता. एखाद्या कथामालिकेचा नवा भाग आधीच्या भागांशी इमान राखतो की नाही, हे पाहण्याची जी सवय वाचकाला असते, ती इथे पुराणकथेमुळे आपोआप आली.

सातारा-सांगली भागातल्या वाचकाची तयारी याहूनही जुनी होती. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. मराठी रंगभूमीचा आरंभ तिथून मोजतात आणि ५ नोव्हेंबर हा दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळतात. त्या नाटकांत राक्षस आरडाओरडा करत, तलवार परजत रंगमंचावर येई. पुढे सुशिक्षितांनी ‘अललडुर्र’ म्हणून या प्रकाराची हेटाळणी केली, पण भय आणि अद्भुत यांची जाहीर, सामुदायिक चव प्रेक्षकाला लागली ती तिथेच. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणले. त्यातला म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघतो. उतारवयात न विझलेली वासना हा ‘ययाति’चा विषय सांगलीकरांनी साठ वर्षे आधी सामाजिक नाटकाच्या रूपात पाहिला होता.

याच्या जोडीला कीर्तन होते. वाईच्या घाटांवर कृष्णामाईच्या उत्सवात कीर्तने होतात, आणि नारदीय कीर्तनाची घडण ठरलेली असते : पूर्वरंगात एखादे तत्त्व उलगडायचे, उत्तररंगात त्यालाच धरून आख्यान लावायचे. चातुर्मासात घरोघर वाचल्या जाणाऱ्या श्रीधराच्या ‘पांडवप्रतापा’सारख्या पोथ्यांतही कथा आणि उपदेश एकत्रच येतात. अशा श्रोत्याला गोष्टीतला बोध खुपत नाही. गोष्ट संपली आणि बोध आलाच नाही, तर त्यालाच काहीतरी राहिल्यासारखे वाटते. खांडेकरांच्या पहिल्या वाचकांचा कान याच तालमीत तयार झाला होता. पुढे ज्यांना ‘ययाति’ उपदेशाने जड झालेली वाटली, त्यांची तालीम निराळी होती.

कादंबरीचा घाट त्या काळी नवा होता. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने आपापली बाजू सांगतात आणि प्रकरणांना त्यांचीच नावे आहेत. एकच प्रसंग तिघांच्या तोंडून वेगवेगळा कळतो आणि वाचकाला न्यायाधीशाच्या जागी बसावे लागते. कथेवर शापाचे सावट सुरुवातीपासून आहे. इंद्रपद मिळालेल्या नहुषाने उन्मत्त होऊन ऋषींचा अपमान केला, म्हणून या नहुषाची मुले कधी सुखी होणार नाहीत, असा शाप कुळाला मिळाला आहे. धाकटा ययाति हे जाणून आहे. थोरला भाऊ यति शापातून सुटण्यासाठी घर सोडून रानात जातो आणि शरीराचाच द्वेष करू लागतो. एक भाऊ देहाला शत्रू मानतो, दुसरा त्यालाच सर्वस्व मानतो. दोघांनाही शाप गाठतो. महाभारतात यतीचा उल्लेख ओझरता आहे. खांडेकरांनी त्याला माणूस केले आणि ययातीच्या समोर उभे केले. दाईची मुलगी अलका ही तर त्यांचीच निर्मिती. तिला राजवाड्यात विष दिले जाते, आणि राजकुलाची प्रतिष्ठा कशावर उभी आहे हे ययातीबरोबर वाचकालाही कळते.

या काळोख्या भागांबद्दल वाचकांची मते पहिल्यापासून दुभंगलेली आहेत. एका वर्गाला कादंबरी मलूल करून टाकते. मद्य, मृगया आणि स्त्री यांच्या मागे धावत जाणारा नायक पानोपानी भेटतो, तो स्वतःला फसवतो, पश्चात्ताप करतो आणि पुन्हा तिथेच येतो. त्याच्याबद्दल आदर वाटत नाही आणि त्याला सोडूनही देता येत नाही. ज्यांना नायकात अनुकरणीय गुण हवा असतो, त्यांनी हे पुस्तक अर्ध्यावर ठेवले तर त्यात नवल नाही. दुसऱ्या वर्गाच्या मते कादंबरीचे बळ नेमके इथेच आहे. ययाति दुष्ट नाही. आपण चुकतो आहोत हे त्याला दर वेळी कळते आणि तरी तो थांबत नाही. हे कळूनही न थांबणे ज्याने स्वतःत थोडेफार पाहिले आहे, त्याला ही व्यक्तिरेखा जवळची वाटते. खांडेकरांचा स्वतःचा हेतूही तसाच होता : ययाति त्यांना सुखाच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावणाऱ्या आधुनिक माणसाचा प्रतिनिधी वाटत होता, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकात त्याग मागे पडून भोगाची ओढ वाढताना ते पाहत होते.

रसविचाराने पाहिले तर या दोन मतांचे मूळ सापडते. अद्भुताचा स्थायीभाव विस्मय, भयानकाचा भय, करुणाचा शोक. पुराणकथेत अद्भुत पुढे असते. कच पोट फाडून बाहेर येतो तेव्हा ऐकणारा थक्क होतो. शुक्राचार्यांच्या वेदनेकडे त्याचे लक्ष जात नाही. खांडेकर अद्भुताचा आवाज कमी करतात आणि शोकाला पुढे आणतात. ययातीच्या केसांत एकाएकी पांढरे दिसू लागते तेव्हा चमत्कार दाखवण्याकडे त्यांचा रोख नाही. आरशात स्वतःला न ओळखणाऱ्या माणसाकडे आहे. ज्याला थक्क व्हायचे आहे तो इथे निराश होतो, ज्याला कळवळायचे आहे त्याला कादंबरी धरून ठेवते. दोघांचे अनुभव खरे आहेत. त्यांनी पुस्तकाकडून मागितलेल्या गोष्टीच वेगळ्या होत्या.

भाषेबद्दलही असेच दोन तट आहेत. खांडेकरांच्या उपमा, प्रतिमा आणि सुभाषितवजा वाक्ये वहीत उतरवून ठेवणाऱ्या वाचकांच्या पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. शाळेच्या निबंधात, लग्नाच्या पत्रात, निरोपसमारंभाच्या भाषणात ती वाक्ये वापरली गेली. पुस्तकांतून आपल्या भावनांना शब्द मिळतात ही ज्यांची धारणा, त्यांना या भाषेने खरोखर आधार दिला, आणि त्यांचे हे ऋण हलके मानण्याचे कारण नाही. नवकथेवर वाढलेल्या वाचकाला मात्र हीच भाषा अलंकारांनी लादलेली वाटली. तिघे निवेदक आहेत, पण तिघेही खांडेकरांच्याच भाषेत बोलतात, हा या वाचकाचा आक्षेप बिनतोड आहे. दासी झालेली शर्मिष्ठा आणि गर्विष्ठ देवयानी यांच्या वाक्यांची ठेवण जवळपास सारखी आहे. तीन दृष्टिकोन मिळतात, तीन आवाज मिळत नाहीत.

यातूनच कचाबद्दलचा वाद उभा राहतो. कादंबरीतला कच संयम, करुणा आणि विवेक यांचा पुरस्कार करतो. शरीर आणि आत्मा यांचा मेळ साधा, असे तो सांगत राहतो. श्रद्धेने वाचणाऱ्यांना कच हाच ग्रंथाचा दिवा वाटतो. इतरांना तो येतो तिथे कथा थबकते असे वाटते, कारण तो क्वचितच चुकतो आणि न चुकणाऱ्या माणसात भाव गुंतत नाही. या वादाला जुना संदर्भ आहे. कोल्हापुरातच राहणारे ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणत आणि खांडेकर जीवनासाठी कला म्हणत. दोन पक्ष वाचकांतही पडले होते. पुढे बा. सी. मर्ढेकरांनी, ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले मर्ढे, ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात कलाकृतीचे मोल तिच्या अंतर्गत लयीवरून ठरवले, तिच्यातून निघणाऱ्या बोधावरून ठरवले नाही. मर्ढेकर १९५६ साली वारले, ‘ययाति’ त्यांच्या पश्चातली. पण त्यांचा विचार पचवलेल्या वाचकाने ती हाती घेतली, तेव्हा त्याला कचाच्या उपदेशाचा भार जाणवणे अटळ होते. कीर्तन ऐकत वाढलेला आणि मर्ढेकर वाचत वाढलेला, असे दोन वाचक एकाच जिल्ह्यात आणि कधी एकाच घरात होते.

सर्वांत मोठा मतभेद देवयानीचा. मूळ कथेत तिच्यावर अन्याय कमी झालेला नाही. कचाला पुन्हा पुन्हा जिवंत करायला बापाला भाग पाडणारी ती, आणि नकार मिळतो तो तिलाच. विहिरीत ढकलली जाते तीच. नवरा तिच्याच दासीशी संसार थाटतो आणि ते तिला मुलांच्या निरागस बोटामुळे कळते. खांडेकरांची देवयानी अहंकारी, हट्टी आणि सूड धरणारी आहे. आपले पहिले प्रेम हरल्याचा राग ती आयुष्यभर दुसऱ्यांवर काढते. पूर्वीच्या वाचकांनी तिला खलनायिका ठरवून टाकले. नंतरच्या वाचकांनी, त्यांतही स्त्रियांनी, वेगळा प्रश्न विचारला : तिच्या प्रकरणात ती स्वतः बोलते, तरी लेखक तिच्या बाजूचा का वाटत नाही? हा प्रश्न रास्त आहे. देवयानीला आवाज मिळाला, पण सहानुभूती हात राखून मिळाली. तिचा राग समजावून सांगितला जातो, त्याला न्याय दिला जात नाही.

शर्मिष्ठेच्या बाबतीत उलट घडते. महाभारतात ती ययातीकडे स्वतः मागणी करते आणि धर्मशास्त्राचा आधार घेऊन त्याच्याशी युक्तिवाद करते. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त कण्व मुलीला आशीर्वाद देतात तोही ययातीला प्रिय असलेल्या शर्मिष्ठेसारखी हो असा. खांडेकरांनी हाच धागा पकडून तिला निरपेक्ष प्रेमाची मूर्ती केले. वडिलांच्या राज्यासाठी दास्य पत्करणारी, प्रेमात काही न मागणारी, मुलाला घेऊन वनवास भोगणारी शर्मिष्ठा वाचकांना रडवते. कादंबरीतली सर्वांत उत्कट पाने तिच्या निवेदनातली आहेत, यावर कचाच्या बाजूचे आणि विरोधातले वाचक एकमत होतात. आजचा वाचक तिथेही थोडा थांबतो. शर्मिष्ठेची थोरवी तिच्या सोसण्यावर मोजली जाते, आणि सोसण्याला थोरवी म्हणणे किती सोयीचे असते, हे त्याला आता ठाऊक झाले आहे. महाभारतातली वाद घालणारी शर्मिष्ठा त्याला अधिक आपली वाटू शकते.

शेवटाबद्दलचे मत काळाबरोबर सर्वाधिक बदलले. मूळ कथेतली हजार वर्षे खांडेकरांनी घेतली नाहीत. ययातीला जाग येते तेव्हा देवयानी, शर्मिष्ठा, कच, पुरू हे सारे समोर आहेत. क्षमेला आणि समेटाला जागा आहे. काळोख कितीही दाट केला तरी वाचकाला त्यात सोडून जायचे नाही, ही खांडेकरांची वृत्ती. दोनच वर्षांनी, १९६१ साली, धारवाडहून गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ हे कन्नड नाटक प्रसिद्ध झाले. त्यात पुरूला बायको आहे. नवऱ्याने बापाचे वार्धक्य घेतले तर माझे काय, असे चित्रलेखा ययातीला विचारते आणि उत्तर न मिळाल्याने जीव देते. मूळ कथेने जिचा विचारच केला नव्हता तिला कार्नाडांनी बोलते केले. दोन्ही कृती वाचणाऱ्याला खांडेकरांचा समेट अपुरा वाटतो, पण खोटा वाटत नाही. कार्नाड बापाच्या स्वार्थाची किंमत दाखवतात, खांडेकर त्या बापाला स्वतःची लाज वाटण्याची संधी देतात. वाचकाला दोन्हींची गरज पडते.

महाभारतातल्या पात्रांकडे माणसे म्हणून पाहण्याची मराठी वाचकाची नजर त्या काळात सर्वच बाजूंनी घडत होती. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ १९६२ चे, इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ १९६७ चे. त्याच १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली, आणि अनेक निवेदकांनी आपापल्या तोंडाने कथा सांगण्याचा ‘ययाति’चा घाट तिथे आणखी मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. १९७५ साली सातारा जिल्ह्यातल्या कराडला साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी दुर्गाबाई होत्या. व्यासांच्या कथेतला अंधार उपदेशाशिवायही वाचता येतो, हे त्यांच्या लेखनाने दाखवून दिले होते. ‘व्यासपर्व’ वाचून झाल्यावर ‘ययाति’ पुन्हा उघडणाऱ्याला देवयानीचा अहंकार पहिल्यापेक्षा निराळा दिसतो. त्यामागे टाकून दिलेल्या मुलीचे दुःख असल्याचे कळते.

आजही सातारा आणि सांगलीच्या नगर वाचनालयांतून, मिरजेच्या खरे वाचन मंदिरातून, २०१७ साली पुस्तकांचे गाव झालेल्या महाबळेश्वरजवळच्या भिलारमधून जाणारा वाचक ‘ययाति’पर्यंत पोहोचतोच. बहुतेक जण ती तरुणपणी एकदा वाचतात आणि उतारवयात पुन्हा. पहिल्या वाचनात अलका आणि शर्मिष्ठा लक्षात राहतात, दुसऱ्यात पुरूकडे तारुण्य मागणारा बाप. आपल्या अपुऱ्या इच्छा मुलांच्या आयुष्यात पुऱ्या करून घेणारे आईबाप प्रत्येक पिढीत असतात. त्यांना आणि त्यांच्या मुलांना ही कथा एकाच वेळी बोचते, म्हणून ती जुनी होत नाही.

या सगळ्या मतांतून काळोख्या अद्भुतकथेच्या वाचकाबद्दल एक निष्कर्ष निघतो. अशक्य घटना तो सहज मान्य करतो. राखेतून उठलेला कच आणि उसने दिलेले तारुण्य यांचा पुरावा त्याने कधी मागितला नाही. अन्याय्य भावना मात्र तो मान्य करत नाही. लेखकाने एखाद्या पात्राचा राग किंवा शोक कमी लेखला, की वाचक ते ओळखतो, आणि त्या पात्राची बाजू घेऊन स्वतः उभा राहतो. देवयानीची बाजू वाचकांनी अशीच घेतली. खांडेकरांच्या कादंबरीत उणिवा आहेत, भाषेचा सोस आहे, कचाचा उपदेश आहे. पण ज्या वाचकांनी या उणिवा दाखवल्या, त्यांना तिघांचे मन उघडून आत बघायला शिकवले तेही याच कादंबरीने. आपल्याविरुद्ध साक्ष देण्याइतका जाणता वाचक घडवणे हे मोठ्या पुस्तकाचे काम आहे, आणि ‘ययाति’ने ते केले आहे.